गुणाकार पगाराचा की शिलकीचा?

अमेरिकेत नोकरी लागल्याची बातमी मराठी घरात आली की सगळ्यात आधी गुणाकार होतो. पगार वर्षाला ९० हजार डॉलर असे कळले की कुणीतरी मोबाइलवर त्या दिवसाचा दर बघतो, ८८ने गुणतो आणि ‘म्हणजे ऐंशी लाख झाले की!’ असे मोठ्याने सांगतो. तो आकडा सोसायटीत फिरतो, मामाच्या गावी पोचतो आणि स्थळाच्या बायोडेटात ‘पॅकेज’च्या रकान्यात जाऊन बसतो. धाकट्या भावंडाने काय शिकायचे हे त्यावर ठरते. शेजारच्या घरातले वडील शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला बँकेत जातात. इतक्या लोकांचे इतके निर्णय ज्या आकड्यावर उभे राहतात, तो आकडाच चुकीचा असतो.

डॉलरमध्ये मिळणारा आणि डॉलरमध्येच खर्च होणारा पैसा रुपयाच्या दराने गुणण्यात काही अर्थ नाही. गुणायचेच असेल तर महिनाअखेरीस उरलेल्या शिलकीला गुणावे. ही दुरुस्ती दिसायला साधी आहे, पण तिच्यामुळे परदेशातल्या नोकरीकडे बघण्याची आपली सगळी रीत बदलते. शिवाय घरातली माणसे कौतुकाने जो गुणाकार करतात, तोच गुणाकार काही मालकांनी आपल्याच माणसांना तुटपुंज्या पैशांत राबवण्यासाठी वापरला आहे. त्यामुळे हा विषय हिशेबाचा आहे, तितकाच न्यायाचाही आहे.

छप्पन्न डॉलरचे न्यूयॉर्क

या हिशेबाचा एक जुना आणि मोठा मराठी दाखला आपल्यासमोर आहे. जुलै १९१३मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठातल्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती, महिना साडेअकरा पौंड. त्या काळी एका पौंडाला पंधरा रुपये हा दर ठरलेला होता. म्हणजे रुपयांत ही रक्कम १७२ रुपयांच्या वर जाते. परळच्या चाळीतल्या गिरणी कामगाराच्या महिन्याच्या कमाईच्या ती कितीतरी पट होती. चाळीतल्या कुणी हा आकडा ऐकला असता तर भीमराव श्रीमंत झाले असेच त्याला वाटले असते.

पण भीमरावांना राहायचे होते न्यूयॉर्कमध्ये. तिथे साडेअकरा पौंडांचे जेमतेम ५६ डॉलर होत. त्यात खोलीचे भाडे, जेवण, कपडे, पुस्तके, आणि वर मुंबईतल्या घरखर्चाला पाठवायचे पैसे. आधी हार्टली हॉल, मग ११४व्या रस्त्यावरचा कॉस्मोपॉलिटन क्लब आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल असे त्यांचे बिऱ्हाड हलले. जेवणाच्या खर्चात काटकसर करून ते पुस्तके घेत राहिले. रुपयांतले १७२ आणि न्यूयॉर्कमधले ५६ हे एकाच पैशाचे दोन आकडे होते. त्यांतला जगण्याशी संबंध असलेला आकडा कोणता, हे तिथे राहणाऱ्या माणसालाच कळत होते.

दहा वर्षांनी, १९२३मध्ये, त्यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. रुपयाचा परदेशी चलनाशी असलेला दर स्थिर ठेवण्यातच सरकारने समाधान मानू नये, देशातल्या बाजारात रुपयाला काय मिळते ते स्थिर राहणे अधिक महत्त्वाचे आहे, ही त्या ग्रंथाची एक मुख्य भूमिका. चलनाची खरी किंमत ते जिथे खर्च होते तिथल्या बाजारात कळते. धोरणासाठी मांडलेला हा विचार घरगुती हिशेबालाही तंतोतंत लागू पडतो, आणि शंभर वर्षांनंतरही आपण तो घरात आणलेला नाही.

बाजार दोन, दर एक

जागतिक बँकेच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या किमतींची तुलना केली जाते. त्या तुलनेनुसार २०१७मध्ये बाजारात एका डॉलरला सरासरी ६५ रुपये १२ पैसे पडत होते. पण अमेरिकेत एका डॉलरमध्ये जितके येते, तितके भारतात घ्यायला सरासरी २० रुपये ६५ पैसे पुरत होते. म्हणजे चलनाच्या दराने केलेला गुणाकार तिपटीहून जास्त फुगलेला होता. त्या वर्षीचे ९० हजार डॉलर दराने ५८ लाख ६० हजार रुपये होतात. राहणीमानाच्या मापाने मात्र ते १८ लाख ६० हजारांच्या आसपास येतात.

अर्थात ही सरासरी आहे आणि ती जशीच्या तशी वापरणेही बरोबर नाही. पुण्यात बाणेरला फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या, मुलांना महागड्या शाळेत घालणाऱ्या कुटुंबाचा खर्च देशाच्या सरासरीपेक्षा खूप वर असतो. त्याच्यासाठी खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पडेल. पण ही तफावत का पडते, ते समजून घेतले पाहिजे. मोटार, फोन, लॅपटॉप, दूध, अंडी या वस्तू अमेरिकेत पगाराच्या मानाने स्वस्त आहेत. पावणेचार लिटर दूध चारेक डॉलरला मिळते. माणसाच्या हाताने होणारे प्रत्येक काम मात्र तिथे महाग आहे. केस कापणे, नळ दुरुस्ती, दाताची कीड काढणे, मूल सांभाळणे, म्हाताऱ्या माणसाची देखभाल ही कामे यंत्रावर ढकलता येत नाहीत आणि दुसऱ्या देशातून मागवताही येत नाहीत. ज्या देशात एकूण मजुरी जास्त, तिथे ही कामेही महागच राहणार. पुण्यात पोळ्या करायला मावशी येतात, भांड्यांना बाई येते, इस्त्रीचे कपडे घरपोच मिळतात. हे सगळे डॅलसला स्वतः करायचे, किंवा त्यासाठी पगाराचा मोठा तुकडा मोजायचा. पुण्यातला मध्यमवर्ग जी सुखे गृहीत धरतो, ती दुसऱ्याच्या कमी मजुरीवर उभी आहेत. अमेरिकेत गेल्यावर त्या मजुरीची खरी किंमत पहिल्यांदा समोर येते.

आता ९० हजारांचा हिशेब टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या आयर्विंगमध्ये, प्रत्यक्ष मांडून बघू. एकटा तरुण, एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, वर्ष २०२५. केंद्राचा आयकर सुमारे ११ हजार २५० डॉलर. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर यांची कपात ७.६५ टक्के, म्हणजे ६ हजार ८८५ डॉलर. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही. हातात महिन्याला पावणेसहा ते सहा हजारांच्या मधे रक्कम येते, नेमके सांगायचे तर ५ हजार ९९० डॉलर. एका बेडरूमचे घर, वीज आणि इंटरनेट मिळून ढोबळ १ हजार ८०० जातात. तिथे गाडीशिवाय कामावर जाता येत नाही, त्यामुळे गाडीचा हप्ता, विमा आणि पेट्रोल यांचे ८०० धरावे लागतात. आरोग्य विम्याचा आपला वाटा आणि डॉक्टरकडचे किरकोळ पैसे २५०, किराणा, बाहेरचे जेवण आणि फोन ७००. शिक्षणासाठी ४० लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढले असेल तर हप्ता ५५ हजार रुपयांचा, म्हणजे सव्वासहाशे डॉलरचा. उरले साधारण १ हजार ८०० डॉलर.

ही शिल्लक मात्र खुशाल ८८ने गुणावी. महिन्याला एक लाख साठ हजार रुपये, वर्षाला १९ लाख. कपडे, गावी यायचे विमानाचे तिकीट, अचानक येणारा खर्च आणि म्हातारपणाची तरतूद हे सगळे यातूनच व्हायचे आहे. १९ लाख ही लहान रक्कम मुळीच नाही. नागपूर किंवा कोल्हापूरच्या तरुणाला एवढी शिल्लक टाकणे इथे सहज जमणार नाही आणि अमेरिकेला जाण्यामागे असलेले आर्थिक कारण खरेच आहे. मुद्दा इतकाच की घरच्यांच्या डोक्यात ८० लाख असतात आणि मुलाच्या खात्यात १९. मधल्या ६० लाखांच्या अपेक्षांचे ओझे मात्र त्या मुलाच्या डोक्यावर बसते. बहिणीचे लग्न, घराचे वाढीव बांधकाम, चुलतभावाला उसने, असे सगळे त्या ८० लाखांकडे बघून मागितले जाते. नाही म्हटले की ‘तिकडे जाऊन बदलला’ असा शिक्का बसतो.

तोच पगार घेऊन हा तरुण कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला गेला तर काय होईल? राज्याचा आयकर आणि इतर कपात मिळून महिन्याला चारशेहून जास्त डॉलर जातील. भाडे सहज हजार-बाराशेने वाढेल. १ हजार ८०० ची शिल्लक चारशेच्या आत येईल. म्हणून तिथे नव्याने आलेली मुले दोन बेडरूमच्या घरात चौघे राहतात. २०१८मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने सॅन फ्रान्सिस्को, सॅन मटेओ आणि मरीन या परगण्यांत वर्षाला १ लाख १७ हजार ४०० डॉलर मिळवणाऱ्या चौकोनी कुटुंबाला ‘अल्प उत्पन्न गटात’ धरले होते. आपल्याकडे ज्या पॅकेजचे पेढे वाटले असते, ते पॅकेज तिथे सरकारी घरकुल योजनेच्या मर्यादेत बसत होते.

रकान्याबाहेरचे खर्च

काही खर्च या तक्त्यात दिसतच नाहीत, कारण ते पैशांत मोजायची आपल्याला सवय नाही.

पहिला खर्च बाळाच्या जन्मानंतरचा. अमेरिकेत देशपातळीवर पगारी बाळंतपणाच्या रजेचा कायदा नाही. १९९३च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, ती बिनपगारी, आणि तीही ठरावीक आकाराच्या कंपनीत किमान एक वर्ष नोकरी झालेल्यांनाच. मोठ्या शहरांजवळ तान्ह्या बाळाच्या पाळणाघराला महिन्याला दोन हजार डॉलर सहज लागतात. म्हणून मग आई येते. पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने राहता येते. तिचे सहा महिने संपले की सासूबाई येतात. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या कुठल्याही अपार्टमेंटच्या आवारात दुपारी गेलात तर साडीवर स्वेटर घातलेली, बाबागाडी ढकलणारी एखादी आजी भेटेलच. तिला गाडी चालवता येत नाही, शेजाऱ्यांशी बोलायला इंग्रजी पुरत नाही. बाळाला तेल लावणे, डिंकाचे लाडू, दोन वेळचा स्वयंपाक आणि रात्रीची जाग हे सगळे ती करते. सहा महिन्यांत तिने वाचवलेले पाळणाघराचे पैसेच बारा हजार डॉलर होतात. ही रक्कम कुणाच्या पॅकेजमध्ये लिहिलेली नसते. तिने सोडून आलेले घर, एकटे राहिलेले आजोबा, पुढे ढकललेली गुडघ्याची शस्त्रक्रिया यांचाही हिशेब कुणी ठेवत नाही. अमेरिकेतल्या मराठी संसाराचा एक खांब महाराष्ट्रातल्या आजीच्या बिनपगारी श्रमावर उभा आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य करायला हवे.

दुसरा खर्च बायकोच्या शिक्षणाचा. एच-१बीधारकाच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. मे २०१५पासून ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्या टप्प्यापर्यंत पोचायला वर्षे लागतात. लग्नाआधी पुण्यात स्वतःच्या पगारावर जगणारी इंजिनिअर मुलगी, दंतवैद्य झालेली मुलगी, तिथे नवऱ्याच्या पगारात वाटेकरी होऊन घरी बसते. दोघांच्या कमाईचे कुटुंब एका कमाईवर येते. त्यामुळे त्याच्या डॉलरमधून तिचे इथले रुपये वजा केल्याशिवाय कुटुंबाचा फायदा किती झाला ते कळणारच नाही.

तिसरा खर्च सोशल सिक्युरिटीचा. पगारातून ६.२ टक्के दरमहा कापले जातात. त्यातून निवृत्तिवेतनाचा हक्क मिळवायला साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. एच-१बीची मूळ मर्यादा सहा वर्षांची. जर्मनी, बेल्जियम अशा अनेक देशांशी भारताने सामाजिक सुरक्षा करार केले आहेत, त्यामुळे एकीकडे भरलेले वाया जात नाही. अमेरिकेशी असा करार अजून झालेला नाही. सहा वर्षांनी परत येणाऱ्याचे ते पैसे तिथेच राहतात. विद्यार्थी व्हिसावर असताना पहिली पाच कॅलेंडर वर्षे ही कपात होत नाही, म्हणून शिक्षणानंतरच्या प्रशिक्षण काळात हातात येणारा पगार मोठा वाटतो. मग एच-१बी मिळतो आणि ९० हजारांवर मेडिकेअरसह महिन्याला पावणेसहाशे डॉलरची नवी कपात सुरू होते. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवरून घराचा बेत करणाऱ्यांना हे कुणी आधी सांगत नाही.

साठ दिवसांची मुदत

सगळ्यात मोठा खर्च अनिश्चिततेचा आहे. एच-१बीवरची नोकरी गेली तर जास्तीत जास्त साठ दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो, व्हिसाचा प्रकार बदलावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. २०२२च्या अखेरीस आणि २०२३मध्ये मोठमोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांनी माणसे काढली तेव्हा घराचे हप्ते चालू असलेल्या, मुले शाळेत असलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांनी हे साठ दिवस मोजून काढले.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे ग्रीन कार्ड. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात आणि कुठल्याही एका देशाला त्यांतली सात टक्क्यांहून अधिक सहसा मिळत नाहीत. देश भारताएवढा असो की आइसलंडएवढा, मर्यादा तीच. त्यामुळे भारतीयांची रांग काही दशकांची झाली आहे. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मालक बदलण्याची मुभा कायद्याने आहे, पण प्रत्येक बदलात कागदपत्रांची धास्ती असते. पदोन्नती मागताना, जादा कामाला नकार देताना, अन्याय झाला तर तक्रार करताना त्याच्या मनात रांगेतली आपली जागा असते. ज्याला नोकरी सोडणे परवडत नाही, त्याला पगारासाठी घासाघीसही करता येत नाही. त्याच कौशल्याचा, त्याच टेबलावर बसणारा अमेरिकी नागरिक जे धाडस करू शकतो, ते याला करता येत नाही. ही किंमत तो दर महिन्याला मोजतो, ती पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नसली तरी.

नियम कधी बदलतील याचीही खात्री नाही. १९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या आदेशाने अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी कर्मचाऱ्यांच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले गेले. एका सहीने एका नव्या नोकरीची किंमत कित्येकांच्या वर्षभराच्या पगाराएवढी वाढली. ज्यांनी त्या वर्षी कर्ज काढून मुलाला पाठवले होते, त्यांच्या हिशेबात हा आकडा कुठेच नव्हता.

तोच गुणाकार, मालकाच्या हाती

आता या गुणाकाराची दुसरी बाजू. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर इमेजिंग’ या कंपनीने आपल्या बंगळूरच्या कार्यालयातून आठ कर्मचारी संगणक यंत्रणा बसवायला आणले. त्यांना पगार दिला तो भारतातला, रुपयांत. तासाला तो १ डॉलर २१ सेंट पडत होता आणि काही आठवड्यांत त्यांनी १२२ तासांपर्यंत काम केले होते. २०१४मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने हे उघडकीस आणले आणि थकलेल्या वेतनापोटी ४० हजार डॉलरहून अधिक रक्कम द्यायला लावली. दंड झाला फक्त साडेतीन हजारांचा. आम्ही त्यांचा घरचा पगार चालूच ठेवला होता, असा या व्यवहारामागचा हिशेब होता. रुपयांत बघितले तर त्यांचे काही कमी झाले नव्हते. पण ते राबत होते फ्रीमाँटमध्ये, जिथे १ डॉलर २१ सेंटमध्ये पोटभर जेवणही येत नाही.

त्याआधी, डिसेंबर २०१३मध्ये, न्यूयॉर्कमधील भारताच्या मराठी उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. त्यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल भारतात संताप उसळला आणि तो रास्तही होता. पण त्या गदारोळात वादाचा मूळ विषय मागे पडला. तो होता घरकाम करणाऱ्या भारतीय बाईचा पगार. व्हिसासाठी दिलेल्या करारात तासाला पावणेदहा डॉलर लिहिले होते आणि प्रत्यक्षातला करार महिना ३० हजार रुपयांचा, म्हणजे सुमारे ५७३ डॉलरचा होता, असा सरकारी पक्षाचा आरोप होता. राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर पहिले आरोपपत्र मार्च २०१४मध्ये रद्द झाले, दोनच दिवसांत नवे दाखल झाले, आणि प्रकरण सुनावणी होऊन निकालापर्यंत गेले नाही. त्यामुळे दोष कुणाचा, हे ठरवणे आपल्या हाती नाही. पण त्या वेळी आपल्याकडे घरोघरी जे बोलले गेले ते आठवावे. ‘तीस हजार म्हणजे काही कमी नाहीत, वर राहणे-खाणे फुकट!’ मुंबईच्या दृष्टीने ते बरोबर वाटत होते. मॅनहॅटनमध्ये तासाला काय मोल मिळायला हवे, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. मुलाच्या पॅकेजचा गुणाकार आणि कामवाल्या बाईच्या पगाराचा भागाकार आपण एकाच दराने केला.

एच-१बीच्या कायद्यात याला काही आळा आहे. मालकाने त्या भागातला त्या कामाचा प्रचलित पगार किंवा आपल्याकडच्या तशाच कर्मचाऱ्यांना मिळणारा पगार, यांतला जो जास्त असेल तो द्यायचा असतो. पण प्रचलित पगाराच्या चार पातळ्या आहेत आणि पहिल्या दोन पातळ्या त्या कामाच्या मधल्या पगाराच्या खाली येतात. अनुभवी माणसाला कागदावर खालच्या पातळीवर दाखवले की पगार कायदेशीररीत्या कमी ठेवता येतो. एच-१बीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेल्या कंपन्यांना काही जादा अटींमधून सुटका देणारी ६० हजार डॉलरची पगारमर्यादा १९९८मध्ये ठरली, ती महागाई इतकी वाढूनही तशीच आहे. आणि कंपनीअंतर्गत बदलीच्या एल-१ व्हिसाला तर प्रचलित पगाराची अटच नाही. ‘ऑनसाइट’ची संधी म्हणून ज्याचे अभिनंदन होते, त्याला कित्येकदा शेजारच्या टेबलावरच्या माणसापेक्षा बराच कमी पगार मिळतो. तो गप्प बसतो, कारण रुपयांत तो आकडा त्यालाही मोठाच वाटतो.

विचारायचे प्रश्न

अमेरिकेला जाऊ नये, असे माझे म्हणणे नाही. अमेरिकेतल्या भारतीय कुटुंबांचे उत्पन्न त्या देशाच्या सरासरी कुटुंबापेक्षा बरेच जास्त आहे आणि ते कष्टाने मिळवलेले आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४मध्ये परदेशांतून भारतात आलेल्या रकमांत सर्वांत मोठा वाटा, सुमारे २८ टक्के, अमेरिकेचा होता आणि राज्यांमध्ये साधारण साडेवीस टक्के वाट्यासह महाराष्ट्र पहिला होता. ही सगळी शिल्लक आहे. कुणीतरी पोटाला चिमटा घेऊन, चौघांत घर वाटून घेऊन, सुटीचे तिकीट पुढे ढकलून ती टाकलेली आहे. ८० लाखांच्या गुणाकाराने या शिलकीचे मोल कमी होते, कारण त्या आकड्यापुढे पाठवलेले पाच लाख घरच्यांना क्षुल्लक वाटतात.

२०२४-२५मध्ये अमेरिकेत ३ लाख ६३ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. त्यांतल्या अनेकांनी कर्ज काढलेले असते. मोठ्या कर्जाला सरकारी बँका तारण मागतात. शेतजमीन सहसा चालत नाही, म्हणून तालुक्याच्या गावातले राहते घर किंवा एनए प्लॉट गहाण पडतो. असे घर गहाण टाकण्याआधी मुलाने आणि आईवडिलांनी एकत्र बसून काही गोष्टी विचाराव्यात. नोकरी कोणत्या शहरात मिळण्याची शक्यता आहे आणि तिथे एका खोलीचे भाडे किती? कर, विमा आणि हप्ता गेल्यावर महिन्याला काय उरेल? व्हिसाची सोडत लागली नाही तर प्रशिक्षणाच्या मुदतीत कर्जाचा किती भाग फिटेल? परत यावे लागले तर इथल्या पगारात उरलेला हप्ता झेपेल का? लग्नाच्या बोलणीतही पॅकेजऐवजी हे विचारले तर मुलीच्या घरच्यांना खरी परिस्थिती कळेल. आणि मुलीच्या नोकरीचे तिकडे काय होणार, हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा.

तिथे स्थिरावलेल्या मराठी माणसांनाही एक विनंती आहे. १९८१पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ उत्तर अमेरिकेतल्या मराठी लोकांना बांधून ठेवत आले आहे. दर दोन वर्षांनी मोठी अधिवेशने होतात, गावोगावी गणपती आणि दिवाळी साजरी होते. या मंडळांनी आपापल्या शहराचा साधा खर्चाचा तक्ता नव्याने येणाऱ्यांसाठी दरवर्षी मराठीत द्यावा. भाडे, विमा, गाडी, पाळणाघर, राज्याचा कर, एवढे पुरेसे आहे. पगाराबद्दल बोलणे आपल्याकडे असभ्य मानतात, पण अमेरिकेत १९३५च्या कामगार कायद्याने खासगी क्षेत्रातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना आपसात पगाराची चर्चा करण्याचा हक्क दिला आहे. तो वापरावा.

आणि जे या वर्षी एच-१बीवर रुजू होणार आहेत त्यांनी एवढे करावे. मालकाने कामगार खात्याकडे केलेल्या वेतनविषयक अर्जाची, म्हणजे एलसीएची, प्रत रुजू होताना मिळणे हा तुमचा हक्क आहे. ती मागून घ्या. त्यात तुमची पातळी कोणती दाखवली आहे ते बघा. तुमच्या परगण्यातला त्या कामाचा प्रचलित पगार सरकारी संकेतस्थळावर उघड आहे, तो ताडून पहा. तुमचा अनुभव आणि तुमची पातळी जुळत नसेल तर तसे लेखी विचारा. रुपयांत पुरेसा वाटतो म्हणून कमी पगार स्वीकारू नका. तुम्ही मान्य केलेल्या पगारावरून तुमच्यानंतर येणाऱ्या मराठी मुलाचा पगार ठरणार आहे.